लिफ्टमधील वजनकाटा : एक दुरुस्ती

या स्मरणिकेसाठी शाळेच्या वाटचालीचा इतिहास आम्ही लिहावा, अशी संपादक मंडळाची प्रारंभीची अपेक्षा होती. ते काम आमच्याहून अधिक जाणत्या सहकाऱ्याने स्वीकारले आहे. आम्ही मात्र या संधीचा उपयोग एका वेगळ्याच कामासाठी करीत आहोत. इतिहासाचे शिक्षक असूनही भौतिकशास्त्रातील एका लहानशा विषयावर हा लेख लिहीत आहोत, कारण त्या विषयात आमच्याकडून अनेक तुकड्यांना चुकीचे शिकवले गेले आहे, आणि त्या तुकड्यांपैकी पुष्कळजण आज या स्मरणिकेचे वाचक आहेत.

प्रसंग बदली तासाचा. विज्ञानाचे सर रजेवर असले की नववी-दहावीचा तास आमच्याकडे येई. अशा तासाला इतिहास शिकवला तर मुले हिरमुसतात, म्हणून आम्ही विज्ञानातील गमतीजमती सांगत असू. त्यांतली आमची आवडती गंमत अशी : “लिफ्ट वर जाताना आपले वजन वाढते आणि खाली येताना कमी होते.” हे वाक्य आम्ही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा फळ्यावर लिहिले असेल, याची गणती नाही. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी तोवर लिफ्ट पाहिलीही नव्हती. कन्नड, वैजापूर, गंगापूर तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवरून आलेली ही मुले. त्यांना आमचे म्हणणे तपासून पाहण्याचा मार्गच नव्हता. तपासता न येणारे विधान शिक्षकाच्या तोंडून आले की ते सत्य होऊन बसते. इतिहासाच्या माणसाला हे ठाऊक असायला हवे होते.

गेल्या वर्षी नववीची सहल छत्रपती संभाजीनगर शहरात गेली होती. आमचा एक माजी विद्यार्थी आयटीआय करून लिफ्टच्या देखभालीचे काम करतो. तो ज्या सात मजली व्यापारी इमारतीची लिफ्ट सांभाळतो तेथे त्याने मुलांना बोलावले. वसतिगृहात दरमहा वजनाची नोंद करण्यासाठी जो तबकडीचा वजनकाटा आहे, तो आम्ही हौसेने सोबत नेला. चाळीस किलो वजनाची एक विद्यार्थिनी काट्यावर उभी राहिली, दोघी-तिघी तबकडीकडे पाहू लागल्या आणि लिफ्ट सुरू झाली. काटा चाळीसवरून बेचाळीसवर सरकला. आम्ही विजयी मुद्रेने मुलांकडे पाहिले. पण दोन सेकंदांत काटा परत चाळीसवर आला आणि तेथेच थांबला. दुसरा मजला गेला, तिसरा गेला, चौथा गेला. लिफ्ट वर जात होती आणि काटा ढिम्म. सहावा मजला जवळ येताच तर त्याने कहरच केला. लिफ्ट अजून वरच जात असताना तो अडतीसवर उतरला. लिफ्ट थांबली तेव्हा पुन्हा चाळीस.

“सर, वर जाताना वजन कमी झालं की!” ती विद्यार्थिनी म्हणाली. आमच्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर समजून घेण्यासाठी वजनकाटा नेमके काय मोजतो, तेथून आरंभ करावा लागतो. आपण काट्यावर उभे राहतो तेव्हा आपले पाय काट्याला खाली दाबतात आणि काटा आपल्या पायांना तेवढ्याच बलाने वर ढकलतो. काट्यातील स्प्रिंग जेवढी दबते, तेवढा आकडा तबकडीवर उमटतो. म्हणजे काटा पृथ्वीचे ओढणे थेट मोजत नाही. पायाखालची जमीन आपल्याला किती जोराने वर रेटते आहे, ते मोजतो. जमीन स्थिर असते तेव्हा हे दोन्ही सारखेच असतात, म्हणून फरक ध्यानात येत नाही. चाळीस किलो वस्तुमानाच्या मुलीला पृथ्वी सुमारे ३९२ न्यूटन बलाने खाली ओढते आणि जमीन तिला ३९२ न्यूटन बलानेच वर रेटते. हिशेब जुळलेला असतो, म्हणून ती आहे तेथे उभी राहते.

आता लिफ्ट वर निघते. क्षणापूर्वी ती मुलगी स्थिर होती आणि आता तिला सेकंदाला एक मीटर या वेगाने वर जायचे आहे. तिचा वेग शून्यापासून एकपर्यंत वाढवायला कोणीतरी जादा बल लावायला हवे. हे काम लिफ्टच्या तळालाच करावे लागते, कारण तिला स्पर्श करणारे दुसरे काही तेथे नाही. वेगात होणाऱ्या बदलाच्या दराला शास्त्रात ‘त्वरण’ म्हणतात. त्या लिफ्टला पूर्ण वेग घ्यायला सुमारे दोन सेकंद लागत होते, म्हणजे त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे बल, हा न्यूटनचा नियम. चाळीस गुणिले अर्धा म्हणजे वीस न्यूटन जादा. एकूण रेटा झाला ४१२ न्यूटन, आणि ४१२ ला ९.८ ने भागले की बेचाळीस किलो मिळतात. तबकडीने जे दाखवले ते हेच होते.

एकदा लिफ्टला सेकंदाला एक मीटर हा वेग मिळाला की वेगात बदल होत नाही, म्हणजे त्वरण शून्य. जादा बल लावण्याचे कारण संपले आणि काटा चाळीसवर आला. लिफ्ट वर जात असेना का, काट्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. सहाव्या मजल्याजवळ वेग कमी करायचा असतो. वर जाण्याचा वेग कमी करणे म्हणजेच खालच्या दिशेने त्वरण. त्यासाठी लिफ्टचा तळ किंचित माघार घेतो, रेटा वीस न्यूटनने घटतो आणि काटा अडतीसवर येतो. उतरताना सर्व उलट. निघताना अडतीस, मध्ये चाळीस, थांबताना बेचाळीस. वीस सेकंदांच्या प्रवासात वजनात फरक पडला तो आरंभीचे दोन आणि शेवटचे दोन सेकंद. मधली सोळा सेकंदे काहीच घडले नाही.

तेव्हा आमच्या फळ्यावरील वाक्य निम्मे खरे होते, आणि निम्मे खरे हे पूर्ण खोट्याहून अधिक काळ टिकते. वर आणि खाली या दिशांवरून काहीच ठरत नाही. वेग वरच्या दिशेने वाढत असेल किंवा खालच्या दिशेचा वेग कमी होत असेल तर वजन जास्त जाणवते. वेग खालच्या दिशेने वाढत असेल किंवा वरच्या दिशेचा कमी होत असेल तर ते कमी जाणवते. वेग तसाच राहिला तर वजनही तसेच.

आमच्या पालकवर्गाला हे सांगायला लिफ्टची गरज नाही. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे की पोहरा सावकाश ओढला तर हाताला एक भार लागतो आणि हिसका दिला तर दुसराच. जुना दोर तुटतो तो हिसक्याने. भरलेला पोहरा संथपणे वर येत असताना सहसा तुटत नाही. पोहऱ्यात पाणी तेवढेच असते. वेग वाढवण्यासाठी लागणारे जादा बल दोरालाच पेलावे लागते, एवढाच भेद. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आपले कितीतरी पालक आणि माजी विद्यार्थी मालाच्या लिफ्टशी रोज संबंध ठेवून आहेत. त्यांच्यासाठी हा केवळ पुस्तकी हिशेब नव्हे. हजार किलो माल ठेवून लिफ्ट एक मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली, तर त्या मालाचा भार दोरांवर सुमारे अकराशे किलोएवढा पडतो. क्षमतेच्या पाटीवरील आकड्यापुढे ‘अजून शंभर किलोने काय होते’ असे म्हणणारा मुकादम या शंभराचा विचार करीत नाही. प्रवासी लिफ्टमध्ये ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ अशी पाटी आपण पाहतो. त्यात दर व्यक्तीमागे ६८ किलो धरलेले असतात. खांद्यावर पोते किंवा हातात अवजारांची पेटी असलेला माणूस त्या हिशेबात बसत नाही.

पाठ्यपुस्तके या बदलत्या आकड्याला ‘आभासी वजन’ म्हणतात. हा शब्द आम्हाला पटत नाही. आभासी म्हटले की मुलाला वाटते, काटा फसवतो आहे किंवा मनाला तसे वाटते आहे. वस्तुस्थिती तशी नाही. लिफ्ट वर निघते तेव्हा गुडघ्यांवर, टाचांवर, मणक्यावर खरोखरीच जादा ताण येतो. बदलत नाही ते वस्तुमान आणि पृथ्वीचे ओढणे. जमिनीचा रेटा मात्र बदलतो. ‘जाणवणारे वजन’ असे म्हणावे, असे आमचे मत आहे. लिफ्ट खाली निघताना पोटात खड्डा पडतो, छोट्या पंढरपूरच्या जत्रेत आकाशपाळणा माथ्यावरून खाली वळताना पोटात गोळा येतो, तेही याच कारणाने. एरवी पोटातील अवयव आपल्या भाराने एकमेकांवर टेकलेले असतात. खालचा आधार क्षणभर माघार घेतो तेव्हा ते टेकणे सैल होते आणि आतल्या कानालाही बदल कळतो.

येथे काट्यांच्या जातींविषयी थोडे सांगायला हवे. किराणा दुकानातील दोन पारड्यांचा तराजू लिफ्टमध्ये नेला तर तो कोणताच फरक दाखवणार नाही. एका पारड्यात किलोभर साखर आणि दुसऱ्यात किलोचे माप असले तर लिफ्ट निघताना दोन्ही सारखीच जड होतात, थांबताना दोन्ही सारखीच हलकी. तराजू वस्तुमानाची तुलना करतो. रद्दीवाल्याचा हुकाचा काटा मात्र स्प्रिंगचा असतो. त्याला किलोभर पिशवी अडकवून लिफ्टमध्ये उभे राहिलो तर तो हलतो. चंद्रावर गेलो तरी तराजू किलोला किलोच म्हणेल आणि हुकाचा काटा सहावा हिस्सा दाखवील.

मग मुलांचा नेहमीचा प्रश्न येतो : लिफ्टचा दोर तुटला तर? गणिताने उत्तर सोपे आहे. लिफ्ट आणि आतील माणूस दोघेही सारख्याच त्वरणाने, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने, खाली येऊ लागतील. तळ माणसाला वर रेटणार नाही आणि काटा शून्य दाखवील. माणसाचे वस्तुमान गेले नाही, पृथ्वीने ओढणे सोडले नाही. तरीही वजन जाणवणार नाही. यालाच मुक्तपतन म्हणतात. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ‘गुरुत्वाकर्षण’ या पहिल्याच पाठात ही संकल्पना आहे. जमिनीवर आदळण्याच्या क्षणी उडी मारली तर वाचू, असे मुलांना वाटते. पंधरा मीटर पडलेल्या लिफ्टचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर होतो. चांगली उडी मारणारा माणूस त्यातून फार तर आठ किलोमीटर वजा करू शकेल, आणि तेही तळावर पाय रोवता आले तर. वजनच जाणवत नसताना पाय रोवणार कसे?

प्रत्यक्षात दोर तुटून लिफ्ट कोसळण्याची भीती जवळजवळ निराधार आहे, आणि येथे आम्ही हक्काने आमच्या विषयात शिरतो. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस या कारागिराने उंच उचललेल्या फळीवर स्वतः उभे राहून तिचा दोर कापायला लावला. फळी किंचित घसरली आणि जागीच अडकली. ताण नाहीसा होताच बाजूच्या दात्यांत रुतणारी खीळ त्याने बसवली होती. १८५७ साली त्याच शहरातील एका दुकानात ओटिसची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. तोवर वरचे मजले ही गरिबांची जागा होती, कारण जिने चढावे लागत; लिफ्ट आल्यावर तेच मजले महाग झाले. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले, त्याच्या तीन महिने आधी तेथे वूलवर्थ इमारतीचे उद्घाटन झाले होते. २४१ मीटर उंचीची ती इमारत तेव्हा जगात सर्वांत उंच होती. लिफ्टवाचून ते शहर तसे वाढलेच नसते. इमारती बदलल्या तरी माणसे बदलतातच असे नाही. आज मुंबईच्या काही गृहसंकुलांत घरकामगारांनी वेगळ्या लिफ्टने जावे असा दंडक आहे. त्या लिफ्टमध्येही काटा बेचाळीस आणि अडतीसच दाखवतो.

आमच्या माजी विद्यार्थ्याने मुलांना यंत्रखोली दाखवली. आजची लिफ्ट एका दोरावर लटकत नाही. अनेक पोलादी दोर असतात आणि ते लागणाऱ्या भाराच्या कितीतरी पट पेलणारे असतात. लिफ्टचा वेग मर्यादेबाहेर गेला की वेगनियंत्रक ते ओळखतो आणि पाचरी दोन्ही बाजूंच्या मार्गदर्शक रुळांना घट्ट पकडतात. दोरांच्या दुसऱ्या टोकाला जो प्रतिभार असतो, तो रिकाम्या लिफ्टच्या वजनात पूर्ण भाराचा जवळजवळ निम्मा हिस्सा मिळवून ठरवलेला असतो. त्यामुळे ब्रेक निकामी झाला आणि लिफ्ट रिकामी असली तर ती खाली न पडता वर सरकू लागेल, हे ऐकून मुले थक्क झाली. खरे सांगायचे तर आम्हीही. दोर तुटून लिफ्ट पडल्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे ते २८ जुलै १९४५ चे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर धुक्यात लष्करी विमान आदळले, दोर तुटले आणि बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्टचालक तरुणी पंचाहत्तर मजले खाली आली. ती गंभीर जखमी झाली, पण वाचली. दोर तुटायला विमान लागले, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. लिफ्टमधील अपघात बहुधा दारांशी होतात. लिफ्ट आलेली नसताना दार उघडून पाऊल टाकणे किंवा अडकलेल्या लिफ्टमधून मध्येच बाहेर उडी मारणे यांत जीव जातात. पालकांनी मुलांना काही शिकवायचेच असेल तर ते हे शिकवावे.

वजन न जाणवण्याची स्थिती दीर्घकाळ अनुभवायची तर अवकाशात जावे लागते. राकेश शर्मा यांनी एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत-७ या स्थानकात ती अनुभवली, जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात. तेथे गुरुत्वाकर्षण नसते, असे पुष्कळ शिकलेली माणसेही सांगतात. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे ओढणे जमिनीवरच्या तुलनेत सुमारे ८९ टक्के शिल्लक असते. स्थानक सतत पडतच असते. परंतु सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर या वेगाने पुढेही जात असल्यामुळे त्याचे पडणे पृथ्वीच्या गोलाईला समांतर राहते आणि जमीन कधी येत नाही. दोर तुटलेल्या लिफ्टमधला माणूस आणि अवकाशयात्री यांची स्थिती एकच आहे, शेवट वेगळा. १९०७ साली बर्न येथील पेटंट कचेरीत काम करीत असताना आइन्स्टाइनच्या मनात छपरावरून पडणाऱ्या माणसाचा विचार आला, की पडत असताना त्याला स्वतःचे वजन जाणवणार नाही. आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखद विचार असे त्याचे वर्णन आइन्स्टाइनने पुढे केले. बंद पेटीत असलेल्या माणसाला, पेटी कोणी दोराने वर ओढते आहे की ती एखाद्या ग्रहावर स्थिर आहे, हे आतून ओळखता येणार नाही, असे त्याने मांडले आणि १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत दिला. पुण्याच्या आयुका संस्थेची स्थापना करणारे डॉ. जयंत नारळीकर यांचे आयुष्य याच शास्त्रात गेले, आणि हे शास्त्र मराठीत आणण्याचे श्रेयही मोठ्या प्रमाणात त्यांचेच.

सहलीहून परतल्यावर विज्ञानाच्या सरांनी मुलांसाठी वसतिगृहाच्या गच्चीवर एक प्रयोग केला. त्याला ना लिफ्ट लागते ना काटा. प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी छिद्र पाडावे, झाकण काढून ती पाण्याने भरावी आणि वरून सोडावी. हातात असताना छिद्रातून धार लागलेली असते. बाटली सुटताच धार थांबते. खाली दोन मुलांनी चादर ताणून धरली होती. सहा मीटर पडायला बाटलीला सुमारे १.१ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ छिद्र असूनही पाणी गळत नाही, कारण पाणी आणि बाटली सारखीच पडत असतात. पाणी बाटलीवर रेलतच नाही. नंतर सरांनी बाटली वर फेकायला सांगितली. आमचा कयास होता की वर जाताना तरी धार लागेल. लागली नाही. हात सुटल्या क्षणापासून, वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना, धार बंदच. हात सुटल्यावर बाटली कोणत्याही दिशेने जात असो, तिचे त्वरण खालच्याच दिशेने ९.८ असते. आमच्या जुन्या वाक्याचा याहून स्वच्छ निकाल कोणी लावला नसता.

त्या दिवशी इमारतीतून निघताना आम्ही आमच्या माजी विद्यार्थ्याला विचारले, “तुला हे कधीपासून माहीत होतं?”

“आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून, सर.”

“मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस? दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भेटतोस.”

तो थोडा वेळ हातातल्या पान्याकडे पाहत राहिला. “तुम्हाला कसं सांगणार, सर?” तो म्हणाला.

नववीच्या त्या विद्यार्थिनीला मात्र सांगायला वीस सेकंदही लागले नव्हते.

तेव्हा ज्या तुकड्यांनी आमच्या बदली तासाला ते वाक्य वहीत उतरवून घेतले, त्यांनी दुरुस्ती करून घ्यावी. ज्यांची मुले आज शाळेत आहेत त्यांनी ती मुलांना घेऊन स्वतःच तपासावी. त्यासाठी डिजिटल काटा नेऊ नये; तो एकदा आकडा धरून बसतो आणि पुढचे बदल दाखवत नाही. तबकडीचाच काटा हवा. घरी नसेल तर वसतिगृहाचा काटा कार्यालयातून नोंदवहीत सही करून मिळेल. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मात्र मागू नये, त्या दिवशी मुलांची वजने घेतात.